दोन काड्यांचा लॅपटॉप

मुक्ताबाईंचं एक ठाम मत होतं. लोक उगाच पूर्ण वाक्य बोलतात! शहाण्या माणसाला अर्ध्यातच कळतं. समोरच्या फ्लॅटमधल्या अरुणाताईंनी "अहो, आमच्या..." एवढंच म्हणून सुस्कारा सोडला तरी मुक्ताबाई सांगून मोकळ्या व्हायच्या, "जावयाची बदली झाली नव्हं?" आणि झालेली असायची! साताऱ्याकडे पहाटेच्या दूध डेअरीच्या रांगेत तयार झालेला कान होता तो. कामोठ्यातल्या सातव्या मजल्यावरच्या भिंती त्या कानाला म्हणजे अगदी मलमलीचं फडकं!

तेव्हा त्या शनिवारी सकाळी मुक्ताबाईंनी सुनेचं बोलणं चोरून ऐकलं, असं कुणी म्हणू नये. ते ऐकू आलं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मेथीची परात बेडरूमच्या दाराजवळ सरकवली, एवढंच.

आत सूनबाई, म्हणजे प्रियदर्शिनी, फोनवर हळू आवाजात बोलत होती. हळू अशासाठी, की नऊ महिन्यांची गीतांजली नुकतीच झोपली होती, आणि गीतूची झोप म्हणजे सायीचा थर. जरा धक्का लागला की फाटलाच! पलीकडे प्रियदर्शिनीचा धाकटा भाऊ निशांत होता, पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. बाळंतपणाच्या रजेनंतर सोमवारी सकाळी दहाला प्रियदर्शिनी घरूनच पुन्हा कामाला लागणार होती. ऑफिसने जोडायला मोठा मॉनिटर पाठवला होता. तो खोक्यासकट सोफ्यामागे उभा होता आणि मुक्ताबाई त्याला टीव्ही समजून रोज पुसत होत्या. लॅपटॉप मात्र तिचा तिने घ्यायचा होता. तो कोणता घ्यावा, हे ती भावाला विचारत होती.

पण हे सगळं आपल्याला माहीत! दाराबाहेर बसलेल्या मुक्ताबाईंच्या कानावर आलं ते असं :

"पाच वर्षं झाली रे निशांत. आता दम नाही राहिला त्याच्यात. जरा काम सांगितलं की तापतो, आणि मग मधेच झोपून जातो."

मुक्ताबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. राजवर्धनच्या लग्नाला पाच वर्षंच झाली होती!

"नाही, दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवाच बघते. ... अरे, बाहेरचा जोडायचाय ना मला! ... ऑफिसचाच आहे. सत्तावीसचा. दिसायला मस्त आहे."

मुक्ताबाईंनी मेथीची पानं देठात टाकली आणि देठं पानांत.

"एकत्र नको वाटतं मला. एकत्र असलं की ते आपल्यातलंच खात बसतं म्हणतात. वेगळं असलं की त्याचं ते, आपलं आपण. ... हो, घरच्यांना अजून काही बोलले नाही. ... काय? काडी?"

आता, निशांत हा मुलखाचा फाजील. लॅपटॉपमध्ये मेमरीची जी चपटी पट्टी बसवतात, तिला तो काडी म्हणे. काडी एक असली तर ती सिंगल मोडमध्ये चालते, दोन असल्या तर ड्युअल मोडमध्ये, आणि दोन केव्हाही चांगल्या, असं तो समजावत होता. प्रियदर्शिनी ते पाठ करत होती.

"काडी... मोड... हं. काडी, मोड. आलं लक्षात. सोमवारच्या आत उरकायचंय पण!"

मुक्ताबाई परात तिथेच टाकून उठल्या. काडीमोड! सोमवारच्या आत!

गॅलरीत हौसेराव पेपर वाचत होते. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोणी वाहून निवृत्त झालेला माणूस. आता कुठलंही ओझं घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"अवो, घर फुटलं आपलं!"

"कुठं गळतंय?"

"गळत न्हाई, फुटलं! सूनबाई येगळी निघतीया. येगळी न्हवं, काडीमोड घेतीया! हापिसातला कोन सत्तावीस वर्षांचा हाय!"

हौसेरावांनी पेपर खाली केला. "पुरतं ऐकलंस का?"

"पुरतं कशाला ऐकाया पायजे? माहेरचीबी सामील हायेत."

"मुक्ते, सूनबाई तसली न्हाई. गप ऱ्हा. पोरगं नाईटवरनं येईल, त्याला जेवू घाल."

गप राहायचं! आतून गीतूचा रडण्याचा बारीक सूर आला. ही पोरगी अजून 'आई' म्हणाली नव्हती, 'बाबा' म्हणाली नव्हती. 'जी' म्हणाली होती. जी म्हणजे आजी, हे मुक्ताबाईंनी स्वतः सोसायटीभर सांगितलं होतं. झोपताना ती आजीचं बोट मुठीत धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. तास-तास बसल्या जागी पाठ अवघडून जाई, पण मुक्ताबाई बोट काढून घेत नसत. उद्या घर मोडलं, तर ही मूठ कुणाचं बोट धरेल?

त्यांनी डोळे पुसले आणि दोन गोष्टी ठरवल्या. एक, पोराची दुरुस्ती. दोन, धनाजी भावजी.

धनाजी म्हणजे हौसेरावांचा धाकटा भाऊ. गावात कुणाची भांडणं मिटेनात की त्यांना बोलवायचे. ती मिटायची की पुढचे लोक दमून गप्प बसायचे, हे कुणी तपासलं नव्हतं. मुक्ताबाईंनी संडासात जाऊन, नळ सोडून फोन लावला आणि हुंदके देत सगळं सांगितलं.

"वहिनी, रडू नगा," धनाजी म्हणाले. "उद्या सकाळच्या येष्टीनं आलोच."

मग पोराची दुरुस्ती. राजवर्धन न्हावाशेव्याच्या कंटेनर यार्डात रात्रपाळी करून सकाळी दहाला घरी आला, आणि बूट काढायच्या आत आईने त्याच्या हातात सब्जाचं पाणी दिलं.

"हे काय?"

"पी. तापतोस तू."

"मी? आई, ताप नाहीये मला."

"तापतोस! बायकोनं जरा काम सांगितलं की तापतोस."

पाठोपाठ गुलकंद आला. मग त्याला खुर्चीत बसवून टाळूवर वाटीभर थंडगार तेल थापलं गेलं. ओघळ मानेवरून शर्टात उतरले. राजवर्धन बिचारा डोळे मिटून 'आईचं प्रेम' म्हणून सोसत राहिला, आणि सोसता सोसता खुर्चीतच घोरायला लागला.

"बघा!" मुक्ताबाईंनी हौसेरावांना दाखवलं. "मधीच झोपतंय! पोरीचं तरी काय चुकलं?"

त्या दिवशी त्यांनी त्याला चार वेळा झोपेतून उठवलं. एकदा कोरी कॉफी, एकदा डिंकाचा लाडू, एकदा "बायकोला विचार काय काम हाय का," आणि एकदा नुसतंच, जागा आहे का ते बघायला. संध्याकाळी पुन्हा पाळीवर निघताना त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते.

प्रियदर्शिनी हे बघत होती आणि तिचाही जीव खालीवर होत होता. सासूबाई दोन वाक्यांच्या वर बोलत नव्हत्या. तिच्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. गीतूला कडेवरून खाली ठेवायला तयार नव्हत्या. भाजीत मेथीची देठं निघाली! असं कधी झालं नव्हतं. 'मी कामाला लागतेय ते यांना आवडलेलं नाही,' तिने मनात म्हटलं. 'गीतूला सांभाळायला नको म्हणाल्या, तर सोमवारी काय करू?' पण विचारायचा धीर तिला झाला नाही. ती मुकाट्याने देठं चावत राहिली.

एका घरात दोन बायका, दोघींच्या पोटात एकच गोळा, आणि मध्ये एक भिंतही नाही!

रविवारी सकाळी अकराला प्रियदर्शिनी पर्स घेऊन बाहेर आली. मागून राजवर्धन, डोळे चोळत.

"कुठं निघालासा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"सीवूड्सला, आई. स्टेशनसमोर नंदकिशोर देवधर म्हणून आहेत. निशांतच्या ओळखीचे. त्यांच्यासमोर बसून एकदाचं ठरवून टाकतो. एकत्र की वेगळं."

"दोगंबी?"

"राजची सही लागेल ना! कागद त्याच्या नावावर होणार."

मुक्ताबाईंनी मुलाकडे पाहिलं. "राजा... तुला मान्य हाय?"

"होऊ दे ना आई तिच्या मनासारखं!" राजवर्धन जांभई देत म्हणाला. "उद्यापासून नवी सुरुवात आहे तिची. मी कशाला आडवा येऊ?"

लिफ्टचं दार बंद झालं. मुक्ताबाई उंबऱ्यात तशाच उभ्या. पोरगं हसत हसत सही करायला निघालं होतं!

दहा मिनिटांत दुसरी लिफ्ट वर आली आणि तिच्यातून धनाजी बाहेर पडले. पांढरा शर्ट, टोपी, हातात वांग्यांची पिशवी.

"कुठं हायेत दोगं?"

"वकिलाकडं गेली, भावजी! सही कराया!"

"मग हितं काय करताय? चला!"

वांगी उंबऱ्यातच राहिली. गीतूला अर्ध्या खिचडीवरून उचललं. हौसेराव "अगं, आधी पोराला फोन तर लाव" म्हणत होते, पण त्यांना रिक्षात मधोमध कोंबण्यात आलं, आणि मधल्या माणसाचं कोण ऐकतं! रिक्षा सुटली. कामोठ्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा मुक्ताबाईंनी रिक्षावाल्याला शपथ घातली. खाडीपुलावर त्यांनी ग्रामदैवताला नारळ बोलला. उतरेपर्यंत नारळांचं तोरण झालं होतं. गीतूला मात्र वारा लागून भलताच आनंद झाला होता. तोंडाला खिचडी लावून ती "जी! जी!" करत होती, आणि प्रत्येक 'जी'ला मुक्ताबाईंच्या डोळ्यांतून एक धार लागत होती.

सीवूड्सला पहिल्या मजल्यावर पाटी होती, 'देवधर सोल्यूशन्स'.

"सोल्यूशन म्हंजे तोडगा," धनाजी म्हणाले. "वकीलच!"

जिना चढताना आतून आवाज ऐकू आला. धीरगंभीर, चष्म्यातून येतो तसा.

"मॅडम, पंचवीस वर्षं मी हेच करतोय. वेगळं घेऊन पस्तावलेले खूप पाहिलेत. नुसती उष्णता, नुसता आवाज! ज्याला रोज लढाया खेळायच्यात त्याने वेगळं घ्यावं. तुमच्यासारख्याला कशाला? एकत्रच चांगलं. फक्त आत जागा मोठी ठेवा, म्हणजे दोघांनाही पुरेल."

मुक्ताबाई दाराशीच थबकल्या. हा वकील? हा तर साधुपुरुष! गीतूला कडेवर सावरत त्या आत घुसल्या आणि टेबलामागच्या टकल्या, गोऱ्या गृहस्थापुढे वाकल्या.

"द्येवमानूस हायसा! माझं घर वाचवलंसा!"

नंदकिशोर देवधर खुर्चीसकट मागे सरकले. त्यांच्या दुकानात लोक रागावून येत, वाकून कुणी आलं नव्हतं.

"आई?" प्रियदर्शिनी उभी राहिली. "काय झालं? गीतूला काही झालं?"

"बस, सूनबाई," धनाजींनी टोपी सारखी केली. "संसार हाय, भांड्याला भांडं लागायचंच. तापतो म्हंतीस? बाप्याची जात हाय, तापायचीच!"

"कोण तापतंय?" राजवर्धनने विचारलं.

"तू!"

देवधरांना हा प्रश्न ओळखीचा वाटला. "तापत असेल तर आतून साफ करावं लागतं," ते म्हणाले. "धूळ बसते."

"तेल लावून बघितलं की काल," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तेल?" देवधर जागेवरच ताठ झाले. "तेल घातलंत? कशात?"

"टाळूवर! वाटीभर!"

"आन् मधीच झोपतो म्हंतीस," धनाजींनी सूत्र पुन्हा हाती घेतलं, "तर नाईट करतंय पोरगं. समजून घ्यावं मानसानं. बरं, त्ये असूंदे. त्यो सत्तावीसचा कुठं हाय?"

"सत्तावीसचा?" प्रियदर्शिनीला काहीच कळेना. विचारलं म्हणून तिने खरं ते सांगितलं. "तो घरीच आहे. सोफ्यामागे."

धनाजींनी टोपी पुन्हा सारखी केली.

"घरात?" मुक्ताबाईंनी गीतूला छातीशी धरलं. "माझ्या घरात?"

"दोन आठवडे झाले, आई. तुम्हीच तर रोज पुसता त्याला!"

हौसेराव इतका वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून होते. त्यांच्या पोटातून आधी एक गुरगुर आली, मग खांदे हलायला लागले, आणि मग तीस वर्षं गोणीखाली दाबून ठेवलेलं हसू एकदम सुटलं. "मुक्ते! अगं, त्यो टीव्ही! टीव्हीचं खोकं!"

"सत्तावीस इंच," राजवर्धन पुटपुटला. त्याची झोप पार उडाली होती. "आई, तो मॉनिटर आहे. तिच्या लॅपटॉपला बाहेरून जोडायचा. लॅपटॉप घ्यायला आलोय आम्ही!"

"आन् एकत्र-येगळं?"

"पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, ग्राफिक्स कार्ड," देवधर म्हणाले. "एकत्र असला की तो लॅपटॉपच्याच मेमरीतलं वापरतो. वेगळा असला की स्वतःचं वापरतो."

"आन् काडीमोड?" मुक्ताबाईंनी शेवटचा खुंटा धरला. "त्ये मी माझ्या कानानं ऐकलंय!"

देवधरांनी ड्रॉवर उघडला आणि बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी मुक्ताबाईंच्या तळहातावर ठेवली. "ही काडी. एक असली की सिंगल मोड, दोन असल्या की ड्युअल."

मुक्ताबाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. एवढीशी! गीतूने तेवढ्यात ती तोंडात घालायला हात पुढे केला. देवधरांनी ती मोठ्या शिताफीने काढून घेतली.

धनाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. राजवर्धन हसून हसून काउंटरवर आडवा झाला होता. प्रियदर्शिनी मात्र हसली नाही. ती सासूबाईंच्या समोर आली.

"आई, दोन दिवस तुम्ही हे पोटात घेऊन फिरत होतात? मला एकदा विचारायचं ना!"

मुक्ताबाईंनी पदराने गीतूच्या तोंडाची खिचडी पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

"इचारलं असतं," त्या खाली बघून म्हणाल्या, "आन् तू व्हय म्हनाली असतीस, तर?"

"मीही नाही विचारलं," प्रियदर्शिनी म्हणाली. "तुम्ही बोलेनात, तर मला वाटलं, उद्यापासून गीतूला घेणार नाही म्हणाल. काल दिवसभर तेच चाललं होतं माझ्या डोक्यात."

"म्या? गीतूला घेनार न्हाई?" मुक्ताबाईंना हे इतकं अचाट वाटलं की त्या चक्क रागावल्या. "दहाला बसायचं तर साडेनवालाच बस कामाला! हिच्याकडं बघायचंबी न्हाई!"

गीतू आजीच्या कडेवरून आईकडे झेपावली, मग आईच्या कडेवरून आजीकडे. दोघींनी मिळूनच तिला धरलं.

"मग मॅडम," देवधरांनी घसा खाकरला, "एकत्रच करू ना? सोळा जीबी, आठाच्या दोन काड्या?"

"एकत्रच!" सासू-सुना एका दमात म्हणाल्या.

राजवर्धनने हप्त्यांच्या कागदावर सही केली. देवधरांनी तिथल्याच एका मोठ्या पडद्याला नवा लॅपटॉप जोडून दाखवला. वायर लावली, आणि लखकन चित्र उमटलं! ना तापला, ना झोपला. मुक्ताबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सगळे निघणार, एवढ्यात धनाजींचा फोन वाजला.

धनाजींनी पाहिलं आणि खिशात टाकला. पुन्हा वाजला.

"उचला की भावजी!"

धनाजी कोपऱ्यात गेले. "हां... व्हय, सातवा मजला... न्हाई, कुलूपच असंल... वांगी? हां, ती आमचीच... थांबा जरा, थांबा."

"कोन हाय?" हौसेरावांनी विचारलं.

"घनसोलीचे पाव्हणे."

"आपलं कोन हाय घनसोलीत?"

धनाजींनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "वहिनी, काल तुमी फोनवर रडत म्हनालासा, माझ्या राजाचं आता कसं व्हायाचं. मग मला ऱ्हावंना. म्हनलं, मानसानं हाताशी सोय करून ठिवावी. आपल्याच तालुक्यातली मान्सं हायेत. सज्जन हायेत. पोरगी नर्स हाय. तसं नुसतं बोलून ठिवलं हुतं मी. पर ती लगीच बघाया येतील, असं मला काय ठावं!"

राजवर्धन पडद्याच्या मागे सरकला. मुक्ताबाईंनी डोळेच मिटून घेतले. बिल फाडता फाडता देवधरांचा हात तसाच राहिला.

प्रियदर्शिनीने लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली, गीतूला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या.

"किती जण आहेत, काका?"

"सात. पोरगी धरून."

"चला आई, लवकर. तुम्ही कांदे चिरा, मी पोहे भिजवते. आणि ट्रे घेऊन बाहेर राजला पाठवा. बघायला त्यालाच आलेत ना!"